गाडी धुवायला आणि पुसायला कुठलं फडकं घ्यायचं, आणि ते फिरवायचं कसं

नव्या गाडीवर वर्षभरात जे बारीक गोल गोल चरे दिसायला लागतात ना, रात्री पार्किंगच्या दिव्याखाली बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे, ते बहुतेक वेळा रस्त्यावर पडलेले नसतात, पुसताना पडलेले असतात. आपण पुसताना नाहीतर सोसायटीत सकाळी जो गाड्या पुसायला येतो त्याच्या हातून. त्याला तरी काय बोलणार, एक बादली, एक फडकं, दहा-बारा गाड्या आणि लोक ऑफिसला निघायच्या आत सगळं उरकायचं, पाचव्या गाडीला पोचेपर्यंत फडक्यात आधीच्या चार गाड्यांची माती बसलेली असते. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40-50 मायक्रॉनचा असतो, डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. आणि गाडीवरची धूळ म्हणजे काय टाल्कम पावडर नव्हे, त्यात वाळूचे कण असतात आणि वाळू क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कडक.

त्यामुळे कोरड्या गाडीवर कोरडं फडकं मारायचं नाही. मऊ दिसणारा झटकणीचा झाडूसुद्धा मला पटत नाही, धूळ उडते थोडी आणि घासली जाते जास्त.

आता फडकी. सिग्नलला मिळतं ते पिवळं फडकं डॅशबोर्ड, दरवाज्याच्या खाचा, सांडलेला चहा यासाठी झकास आहे, रंगावर नको. जुना बनियन, पंचा वगैरे सुती कापड घरात भरपूर असतं आणि मऊही लागतं, पण सपाट कापडात माती आत शिरायला जागाच नसते, ती कापड आणि रंगाच्या मधे अडकते आणि तुमच्या हाताबरोबर फिरते. शॅमॉयची, म्हणजे पाणी टिपायच्या चामड्यासारख्या मऊ कापडाची, पण तीच गोष्ट, पाणी छान ओढतो, काचेला भारी, पण रंगावर ओढत नेला आणि एखादा कण राहिला असेल तर सरळ रेघ.

मायक्रोफायबर चालतं ते त्याच्या लवीमुळे. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचे अतिशय बारीक धागे असतात, बहुतेक 80-20 किंवा 70-30 प्रमाणात, आणि कण त्या लवीत वर ओढला जातो. दुकानात घेताना कोरड्या तळहातावरून फिरवून बघा, चांगलं मायक्रोफायबर कातडीला किंचित अडकतं, गुळगुळीत घसरून गेलं तर समजा नावालाच मायक्रोफायबर आहे. मग जीएसएम बघा, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन. रोजच्या पुसण्याला 300-400 चालतं, गाडी कोरडी करायचा टॉवेल मात्र जाड हवा, 800 च्या वरचा, पिळदार धाग्यांचा असेल तर अजून बेस्ट. काचेला पातळ, लव कमी असलेलं किंवा चौकटी विणीचं, नाहीतर काचेवर फराटे राहतात. कडा बघा, जाड नायलॉनची शिवण असेल तर ती शिवणच चरे पाडते, आणि कंपनीचं लेबल घरी आल्या आल्या कापून टाका.

धुवायला स्पंज नको, त्याचं कारणही सपाट कापडाचंच. मायक्रोफायबरचा हातमोजा घ्या, लांब लांब झिरमिळ्यांचा. शाम्पू गाडीचाच घ्या, भांड्यांच्या साबणाने गाडी चकाचक निघते खरी पण वॅक्सही त्याच्याबरोबर निघून जातं.

गाडी सावलीत लावा आणि बोनेट थंड होऊ द्या. भर दुपारी मे महिन्यात धुवायला घेतली तर एका बाजूला साबण लावेस्तोवर दुसऱ्या बाजूचा वाळलेला असतो. आधी चाकं उरका, त्यांचं फडकं आणि बादली वेगळी, कारण ब्रेकची काळी पूड सगळ्यात घातक आणि ती रंगाजवळ फिरकायलाच नको. मग हात न लावता नुसतं पाणी मारा, टपापासून खाली, मडगार्डच्या आत तर दोन मिनिटं जास्तच. कोकणातून आलेली गाडी असेल तर तिथून लाल माती निघतच राहते, निघतच राहते, आणि बीचवर चाकं घातली असतील तर खालून खारं पाणी धुवून काढणं हे वरच्या चमकेपेक्षा महत्त्वाचं आहे. पक्ष्यांची घाण सुकली असेल तर खरवडू नका, ओलं फडकं त्यावर पाच मिनिटं ठेवा, आपोआप सुटते.

मग दोन बादल्या. एकीत शाम्पू, एकीत साधं पाणी. मोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून माती सोडायची आणि मगच परत शाम्पूत. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी नंतर जो गाळ दिसतो तो बघितला की एका बादलीत धुवायची हिंमत होत नाही. क्रम वरून खाली, टप, काचा, बोनेट, डिकी, दरवाज्यांचा वरचा अर्धा भाग, आणि बंपर व दरवाज्यांचा खालचा भाग एकदम शेवटी. हात सरळ रेषेत चालवा, गोल गोल नको, आणि जोर अजिबात नको, मोज्याच्या वजनावर काम होऊ द्या. मोजा खाली पडला तर नुसता झटकून परत गाडीवर नाही, नीट धुवून मगच.

शेवटचं पाणी मारताना पाइपचा नोझल काढा आणि टपावरून संथ धार सोडा. पाण्याची चादर होऊन घसरते आणि बरंचसं पाणी स्वतःच उतरतं, पुसायला कमी उरतं.

आता पुसणं, आणि माझ्या मते निम्मी माणसं गाडी नीट धुऊन इथे घाण करतात. पाणी वाळू द्यायचं नाही. बोरचं किंवा टँकरचं पाणी जड असतं, थेंब सुकला की कॅल्शियमचा पांढरा गोल मागे राहतो आणि काळ्या गाडीवर तो लांबून दिसतो. जाड टॉवेल पूर्ण उघडा, टपावर सपाट पसरा, दोन टोकं धरून अलगद आपल्याकडे ओढा, बास. बाजूच्या पत्र्यावर घासायचं नाही, टॉवेल टेकवायचा आणि उचलायचा. आरशाच्या आत आणि हँडलमागे पाणी लपून बसतं, तुम्ही पुसून वळलात की हळूच एक ओघळ खाली येतो, त्यासाठी एक छोटं फडकं खांद्यावर ठेवा. दरवाजे, डिकी उघडून त्यांच्या कडा जुन्या फडक्याने पुसा, चांगल्या टॉवेलने कधीच नाही कारण तिथे ग्रीस असतं. पांढरे डाग आधीच पडले असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून, थंड पत्र्यावर, मिनिटभर ओलं फडकं ठेवा आणि लगेच साध्या पाण्याने धुवा. आणि हो, धुतल्यावर गाडी तशीच लावून ठेवू नका, एक चक्कर मारून दोन-चार वेळा ब्रेक दाबा, डिस्क सुकतात, नाहीतर सकाळी त्यावर गंजाचा तांबूस थर.

पाणीकपात असेल किंवा सोसायटीत पाइप लावायला बंदी असेल तर रिन्सलेस वॉशचं, म्हणजे नंतर पाणी मारावं न लागणारं, लिक्विड मिळतं. एका बादलीत झाकणभर टाकायचं, त्यात सात-आठ फडकी भिजवून ठेवायची, एका फडक्याची चार घडी केली की आठ बाजू मिळतात, प्रत्येक बाजू एकदाच वापरायची आणि मागोमाग कोरड्या टॉवेलने टिपायचं. वापरलेलं फडकं परत बादलीत टाकायचं नाही, सगळी गंमत तिथेच आहे. शहरातल्या धुळीला हे मस्त पुरतं, चिखलाने माखलेल्या गाडीला मात्र नाही, तिथे आधी पाणी मारावंच लागतं, नाहीतर वॉशिंग सेंटरला जाऊन नुसतं प्रेशरचं पाणी मारून घ्या आणि त्यांना सांगा की फडकं लावू नका, बाकी मी करतो.

फडकी धुताना घरच्या सुती कपड्यांबरोबर टाकू नका, सुताचे तंतू लवीत अडकतात आणि मग काचेवर चिकटत बसतात. पावडरपेक्षा लिक्विड डिटर्जंट, कोमट पाणी, ब्लीच नाही आणि सुगंधी कंडिशनर तर मुळीच नाही, त्याचा थर बसला की टॉवेल पाणी प्यायचं सोडून नुसतं पसरवत बसतो. सावलीत वाळवा, इस्त्री नको, धागे वितळतात. रंगाची फडकी वेगळ्या पिशवीत, कोपऱ्यावर मार्करने खूण करून, कारण घरात कोणीतरी ते मऊ फडकं बघून गॅसची शेगडी पुसणारच. लव दबून कडक वाटायला लागलं की रंगावरून काढून चाकांना द्या, तिथेही दमलं की इंजिनाच्या कामाला.