सी६ चा आकडा पाहून हुरळू नका भो

जळगावचा मे महिना, कूलरसमोर लॅपटॉप, आणि मी वीज मोजायचं टूल लिहित बसलेलो. लिनक्समधून प्रोसेसरच्या पॉवर स्टेटचे, म्हणजे तो किती जागा आणि किती झोपलेला याचे, आकडे बाहेर काढणं अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते आकडे नेमकं काय बोलतात हे कळायला मला अडीच महिने लागले.

सीपीयूआयडल म्हणजे लिनक्सचा प्रोसेसरच्या झोपेचा हिशेब ठेवणारा भाग; त्याच्या फोल्डरात प्रत्येक स्टेटची टाइम फाइल असते, आकडा मायक्रोसेकंदांत. दोनदा वाचा, वजाबाकी करा, टक्के काढा, झालं. माझं टूल म्हणे सीपीयू० ९० टक्के वेळ सी६ मध्ये, म्हणजे गाढ झोपेत, आणि इकडे पंखा भणभणतोय, लॅपटॉपवर भरताचं वांगं भाजून निघेल इतका तापलेला! मी प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्टसुद्धा बदलून पाहिली.

भानगड अशी की तो टाइम म्हणजे कर्नलनं (लिनक्सच्या गाभ्यानं) मागितलेली झोप, हार्डवेअरनं दिलेली नाही. माझ्या प्रोसेसरात एका कोअरवर (प्रोसेसरच्या एका स्वतंत्र भागावर) दोन थ्रेड, म्हणजे कामाच्या दोन रांगा असतात, आणि लिनक्स प्रत्येक थ्रेडला वेगळा सीपीयू धरतो. एका खोलीत दोन भाऊ, एक घोरतोय आणि दुसरा लाइट लावून अभ्यास करतोय, तर बिल कमी येईल का? कोअर सी६ मध्ये जायला दोघंही झोपावे लागतात, पण कर्नल पहिल्याची झोप पूर्ण मोजतो. माझाच टेस्ट लूप शेजारच्या थ्रेडवर चालू होता. टर्बोस्टॅट नावाचं लिनक्सचं टूल लावलं तर त्या कोअरचा सी६ जवळजवळ शून्य, कारण ते थेट हार्डवेअरचे काउंटर वाचतं. म्हणून टूलमध्ये 'मागितलेली' आणि 'मिळालेली' असे दोन वेगळे कॉलम ठेवा, हात जोडून सांगतो.

घाबरू नका, बाकी सोपं आहे. इंटेलच्या रॅपलचा, म्हणजे प्रोसेसरनं किती वीज खाल्ली ते मोजणाऱ्या सोयीचा, एनर्जी काउंटर ३२ बिटांचा, भरला की शून्यावर येतो, तेवढं सांभाळा नाहीतर मायनसमध्ये वॅट दिसतील.

आणि सिनियर म्हणतील 'सुडो मार ना', म्हणजे आख्खं टूलच रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) हक्कानं चालव, ऐकू नका. २०२० मध्ये संशोधकांच्या प्लॅटिपस नावाच्या हल्ल्यानं दाखवलं की रॅपलच्या आकड्यांवरून एन्क्रिप्शनच्या किल्ल्यासुद्धा काढता येतात, तेव्हापासून रॅपलची फाइल फक्त रूटला वाचता येते. ती वाचणारा छोटा भाग वेगळा ठेवा आणि तेवढाच रूटनं चालवा, आख्खं टूल रूटनं चालवणं म्हणजे शुद्ध आळस.

हो, आणि माझं पहिलं टूल दर १० मिलिसेकंदांनी आकडे वाचायचं, म्हणजे झोप मोजायला दर वेळी प्रोसेसरला मीच उठवायचो. आता १ सेकंद ठेवलाय.