हात बसल्यानंतरचा रियाज

तबला शिकणाऱ्याच्या वाटेत काही वर्षांनी एक मुक्काम येतो. मध्यमा पूर्णची (संगीत शिक्षणातल्या मधल्या टप्प्याची) परीक्षा झालेली असते, तीनतालातले, म्हणजे सोळा मात्रांच्या तालातले, पाच-सहा कायदे (विस्तार करता येणाऱ्या ठरावीक बोलांच्या रचना) हातात बसलेले असतात, भजनाच्या साथीला बोलावणी येतात आणि रोजचा तासाभराचा रियाज सुरळीत पार पडतो. हा सुरळीतपणाच पुढची वाट अडवतो, कारण त्या तासात आपण येते तेच वाजवतो आणि जिथे हात अडखळतो ती जागा नकळत टाळतो. या मुक्कामावर मी स्वतः जवळजवळ तीन वर्षे घालवली, म्हणून पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी हे मनापासून लिहीत आहे.

सुरुवात ध्वनिमुद्रणापासून करावी. मोबाइल चार-पाच हात दूर ठेवून 'धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धीना' हा सर्वांच्या ओळखीचा दिल्लीचा कायदा बराबरीत (मूळ लयीत), दुगुनीत आणि चौगुनीत वाजवावा. तो ऐकावा मात्र दुसऱ्या दिवशी, कारण वाजवून झाल्या झाल्या कान हाताचीच बाजू घेतो. ऐकताना दोनच गोष्टी तपासाव्यात: 'तिट'मधला तर्जनीचा 'ट' हा मधल्या बोटाच्या 'ति'इतका स्पष्ट येतो का, आणि 'ताता तिट'ला बाया, म्हणजे डाव्या हाताचा डग्गा, खरोखर गप्प राहतो का. माझ्या चौगुनीत बाया तिथेही घुमत होता आणि खाली-भरीचा, म्हणजे बाया गप्प असलेल्या आणि घुमणाऱ्या भागांमधला, फरक पुसला गेला होता. एवढी वर्षे ते मला ऐकूच आले नव्हते.

दोष सापडला की लेहऱ्याची (तालाचा आधार म्हणून फिरत राहणाऱ्या सुरावटीची) लय तो नाहीसा होईपर्यंत खाली आणावी, मग ती मिनिटाला ६० मात्रांवर आली तरी संकोच करू नये. तिथे अनेक दिवस थांबून, लागोपाठ दहा आवर्तने (तालाच्या पूर्ण फेऱ्या) स्वच्छ आल्यावरच ५ मात्रांनी लय वाढवावी. हे काम तासाच्या आरंभी, हात आणि मन ताजे असताना करावे. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधील व्हायोलिनवादकांचा जो अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही नेमक्या उणिवेवर केलेला, एकाग्रता मागणारा आणि म्हणूनच फारसा सुखावह नसणारा सराव साध्या पुनरावृत्तीपासून वेगळा काढलेला आहे.

त्यानंतर तीनतालाचा आधार काही आठवडे सोडून रूपक ताल घ्यावा. सात मात्रांच्या या तालात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली (टाळीऐवजी रिकामा हात) असल्यामुळे वर्षानुवर्षांची सवय पहिल्याच आवर्तनात गडबडते, आणि ती गडबडावी यासाठीच तो घ्यायचा. शेवटच्या मात्रेवर 'धा' येणारा पाच मात्रांचा एक तुकडा स्वतः रचावा आणि समेपासून, मध्ये दम न घेता, तीनदा म्हणावा. पंधराव्या मात्रेचा 'धा' तिसऱ्या आवर्तनाच्या समेवर पडतो. समेला खाली दाखवून चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर टाळी देत ही तिहाई (तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा) तोंडाने बिनचूक म्हणता आल्याशिवाय तबल्याला हात लावू नये.

गुरूंसमोर बसताना आपण सहसा तयार झालेली चीज वाजवतो. पुढच्या शिकवणीला ती बाजूला ठेवून हीच कच्ची तिहाई वाजवावी आणि ती कुठे ढळते ते त्यांनाच विचारावे.