शिलाई मशीनच्या नव्या मोटरला जुनं पेडल चालेल का?

घरगुती मशीनची मोटर जळली की बहुतेक जण तेवढी मोटर बदलतात, पेडल जुनंच ठेवतात. मग पाय जरा टेकला की मशीन सुसाट सुटतं, नाहीतर पेडल तापून जळका वास येतो. दोन्हींचं मूळ एकच: मोटर किती करंट घेते आणि पेडल कशासाठी बनलंय, हे जुळलेलं नसतं.

मोटरवरची पट्टी वाचा. अँपिअर लिहिले नसतील तर वॅटला व्होल्टने भागा. 230 व्होल्टची 100 वॅटची मोटर साधारण 0.43 अँपिअर घेते.

मग प्लग काढून पेडल उघडा. आत कार्बनच्या चकत्या किंवा तारेची कॉइल असेल, तर ते रेझिस्टन्सचं, म्हणजे करंटला अडथळा करून वेग कमी करणारं पेडल. याचं रेटिंग मोटरच्या जवळपासच हवं. पेडलात किती व्होल्ट अडतात हे करंटवर ठरतं; मोटर लहान असेल तर कमी अडतात आणि हळू शिलाई जमतच नाही. मोटर मोठी असेल तर पेडल तापतं. परदेशातून आलेल्या 110 व्होल्टच्या मशीनला 230 ची मोटर बसवून पेडल तेच ठेवणं तर चुकीचंच. तेवढ्याच वॅटला इथे सुमारे चौपट रेझिस्टन्स लागतो.

सर्किटची पट्टी दिसली तर पेडल इलेक्ट्रॉनिक. त्याचे व्होल्ट जुळावेत, अँपिअर मोटरपेक्षा जास्त असले तरी चालतं. नवं घ्यायचंच असेल तर हेच घ्या. मात्र ही दोन्ही पेडलं कार्बन ब्रशच्या मोटरसाठीच (फिरत्या भागाला कार्बनच्या तुकड्यांतून करंट देणाऱ्या) आहेत. कारखान्यातल्या क्लच मोटरला, म्हणजे सतत फिरत राहणाऱ्या मोटरला, ती लावू नका. सर्व्हो मोटरला (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर चालणाऱ्या) तिचाच कंट्रोलर लागतो.

फिरण्याची दिशाही दुकानातच बघून घ्या. मशीनचं चाक वरच्या बाजूने शिवणाऱ्याकडे यायला हवं, आणि पट्ट्याने जोडलेली मोटरची पुलीही त्याच दिशेने फिरते. प्लग उलटा घालून दिशा बदलत नाही. त्यासाठी आतली जोडणी बदलावी लागते.

मोटर जोडण्याआधी तिच्या जागी 100 वॅटचा जुना तारेचा बल्ब लावून पेडल सावकाश दाबा. एलईडी इथे उपयोगाचा नाही. उजेड हळूहळू वाढला तर पेडल ठीक. पाय न लावताच बल्ब पेटला तर पेडलातला ट्रायॅक (करंट कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) किंवा कपॅसिटर शॉर्ट झालाय, ते पेडल मशीनला लावू नका.

मशीन आधी साफ करून तेल घाला, कारण जड चाक मोटरला जास्त करंट ओढायला लावतं. पट्टा बोटाने दाबल्यावर थोडा दबेल इतकाच ताणा. फार ताणला तर मोटरचे बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कड्या, झिजतात.