जुनी ब्रिटिश सचित्र पुस्तकं जमवताय? या चुका टाळा

लाल कोट घालून कोल्ह्यामागे धावणारे घोडेस्वार, ओढ्याकाठी गळ टाकून बसलेले हौशी मासेमार, चार घोड्यांच्या टपालगाड्या, पक्षी, शिकारी कुत्री, शेतमजूर. ब्रिटनच्या ग्रामीण जगावर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धापर्यंत सचित्र पुस्तकांचा नुसता पूर आला होता. त्यातली बरीच आजही बाजारात फिरतात. तिकडे राहणाऱ्यांना वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावात दुकानांमागून दुकानं पालथी घालता येतात, आणि इकडे बसून लिलावात बोली लावायलाही आता काही अडत नाही. विकत घेणं इतकं सोपं झालंय की फसणंही तितकंच सोपं झालंय.

बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. माणूस चित्रांसाठी पुस्तक हातात घेतो, पण किंमत ठरवताना नामपृष्ठावरचं साल बघतो. कादंबरीच्या बाबतीत हे एक वेळ चालेल. सचित्र पुस्तकात पैसे असतात ते प्लेटांचे, म्हणजे वेगळ्या पानावर छापून आत लावलेल्या चित्रांचे, आणि प्लेट कधी छापली, कशी छापली, कधी रंगवली हे नामपृष्ठ सांगेलच असं नाही.

साल बघून भुलणं

कोल्ह्याच्या शिकारीवर विनोदी कादंबऱ्या लिहिणाऱ्या सर्टीजचं ‘हँडली क्रॉस’ घ्या. जॉन लीचने काढलेल्या, हाताने रंगवलेल्या सतरा प्लेटांसह ते १८५४ मध्ये ब्रॅडबरी अँड इव्हान्सने काढलं. पुढे कित्येक वर्षं तीच चित्रं घेऊन पुस्तक पुन्हा पुन्हा निघत राहिलं, आणि त्यातल्या बऱ्याच छपायांवर सालच नाही. विक्रेता बिनधास्त ‘साधारण १८५४’ असं लिहून मोकळा होतो. अशा वेळी प्रकाशकाचं नाव वाचावं. तिथे ब्रॅडबरी, अॅग्न्यू असं असेल तर विषय संपला, कारण अॅग्न्यू हे नाव त्या कंपनीला १८७० च्या दशकात लागलं.

अॅक्वाटिंटच्या, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने बारीक रवा उठवून छापलेल्या चित्रांच्या, मोठ्या पुस्तकांत हा घोळ आणखी बारीक होतो. शिकारीची चित्रं काढणाऱ्या हेन्री अल्केनचं ‘नॅशनल स्पोर्ट्स ऑफ ग्रेट ब्रिटन’ १८२१ चं, पन्नास रंगीत प्लेटांचं. अशा पुस्तकांचे तांब्याचे पत्रे प्रकाशक जपून ठेवत आणि मागणी आली की नव्या कागदावर छापून, रंगवून, जुन्याच सालाचं नामपृष्ठ लावून विकत. ही चलाखी कागद उघडी पाडतो. दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी जाऊन प्लेट हलकेच उचला आणि उजेडावर धरा. अनेक कागदांत जे. व्हॉटमन हे कागद बनवणाऱ्याचं नाव आणि साल असं पाणचिन्ह दिसतं. नामपृष्ठ १८२१ म्हणत असेल आणि कागदात १८३२ दिसत असेल, तर ती प्लेट १८३२ च्या आधी छापलेली असणं शक्यच नाही. उलट बाजूने मात्र हा पुरावा चालत नाही. कागद गोदामात वर्षानुवर्षं पडून राहू शकतो, त्यामुळे पाणचिन्हातलं जुनं साल बघून हुरळून जाऊ नका. अशा वेळी छपाईकडे बघा. अॅक्वाटिंटचा बारीक रवा पत्र्यावर लवकर झिजतो आणि उशिराच्या प्रतींत आभाळ फिकट, डागाळ दिसायला लागतं.

मेथ्युएन कंपनीने १९०३ च्या सुमारास अल्केन, सर्टीज आणि शिकारीवर लिहिणारा निमरॉड यांची पुस्तकं छोट्या, स्वस्त आकारात पुन्हा काढली. प्रामाणिक पुस्तकं आहेत, कंपनीचं नाव स्वच्छ छापलेलं आहे. पण आता त्यांनाच सव्वाशे वर्षं होत आली, त्यामुळे ‘अँटिक’ म्हणून ती हमखास मूळ पुस्तकांच्या रांगेत बसवली जातात. जुनं असणं वेगळं, मूळ असणं वेगळं.

या यादीतला सगळ्यात गमतीशीर नमुना म्हणजे ‘द कंट्री डायरी ऑफ अॅन एडवर्डियन लेडी’. ईडिथ होल्डनने १९०६ मध्ये हाताने लिहिलेली, फुलापाखरांच्या जलरंगांनी भरलेली निसर्गनोंदींची वही. छापून आली ती थेट १९७७ मध्ये, तीही हुबेहूब हस्तलिखितासारखी. पिवळसर पानं, शाईचं अक्षर, आत १९०६ हे साल. बघणाऱ्याला वाटतं शंभर वर्षांचा ऐवज हाती लागला. पुस्तक सुंदर आहे, कुणाला भेट द्यायला उत्तम आहे, आणि लाखोंनी खपल्यामुळे ढिगाने मिळतं. त्याला दुर्मिळ म्हणून पैसे मोजू नका, बस्स.

पहिली आवृत्तीच हवी हा हट्ट

श्रॉपशरचा जमीनदार जॉन मिटन हा एक नंबरचा उडाणटप्पू. उचकी थांबेना म्हणून स्वतःच्याच रात्रीच्या सदऱ्याला पेटवून देणारा हा माणूस १८३४ मध्ये कर्जबाजारी होऊन तुरुंगात मेला. निमरॉड या टोपणनावाने लिहिणाऱ्या चार्ल्स अॅपर्लीने त्याचं चरित्र लिहिलं. १८३५ च्या पहिल्या आवृत्तीत बारा प्लेटा होत्या, १८३७ च्या दुसरीत अठरा. चित्रांसाठी जमवायचं तर कुठली घ्याल? सर्टीजच्याच ‘जोरॉक्स’चीही तीच कथा. १८३८ ची पहिली आवृत्ती डिकन्सच्या पुस्तकांचा चित्रकार फिझ याच्या साध्या चित्रांची, आणि संग्राहक ज्यासाठी भांडतात ती १८४३ ची, अल्केनच्या रंगीत प्लेटांची. आयझॅक वॉल्टनच्या मासेमारीवरच्या ‘कम्प्लीट अँग्लर’च्या बाबतीत तर १६५३ च्या पहिल्या प्रतीचं स्वप्न सामान्य माणसाने बघूच नये. पिकरिंगची १८३६ ची देखणी दोन खंडी आवृत्ती आहे, आर्थर रॅकहॅमच्या चित्रांची १९३१ ची आहे. चित्रांच्या वेड्याला तेवढ्यातच पुष्कळ मिळतं.

प्लेटा न मोजणं

सर्वांत महागात पडणारी चूक ही. रंगीत चित्रं सुटी करून, चौकटीत घालून विकली तर अख्ख्या पुस्तकापेक्षा जास्त पैसे येतात, म्हणून पुस्तकं फाडणारे विक्रेते पूर्वीही होते आणि आजही आहेत. हॉटनच्या गोड्या पाण्यातल्या माशांवरच्या १८७९ च्या ग्रंथाचे यात फार हाल झाले. लायडनने काढलेल्या आणि ड्रिफील्डच्या फॉसेटने रंगीत ठशांनी छापलेल्या ४१ प्लेटा त्यात असायला हव्यात. आतले आठ-दहा मासे कुणाच्या तरी जेवणघराच्या भिंतीवर गेलेल्या प्रती कमी नाहीत.

म्हणून पुस्तक हातात आलं की आधी पुस्तकातली प्लेटांची यादी उघडायची आणि एकेक प्लेट तिच्याशी ताडायची. यादीच गायब असेल तर छापील सूचीचा आधार घ्यायचा. १७९० ते १८६० मधल्या रंगीत पुस्तकांसाठी टूलीची सूची आहे, शिकारीच्या पुस्तकांसाठी श्वेर्टच्या संग्रहाची सूची आहे. मोठ्या ग्रंथालयात त्या बघायला मिळतात. नुसते आकडे जुळले म्हणूनही निर्धास्त होऊ नका. शिवणीपाशी कापलेल्या कागदाची बारीक पट्टी राहिली आहे का ते बोट फिरवून बघा. आणि मजकुराच्या पानांकडे नीट पाहा: प्लेट वर्षानुवर्षं पानाला चिकटून राहिली की शाईची फिकट सावली समोरच्या पानावर उतरते. चित्र कापून नेणाऱ्याला ती सावली नेता येत नाही. १२० व्या पानावर घोड्याच्या आकाराची तपकिरी छाया आहे आणि समोर घोडाच नाही, तर काय झालंय ते कळलंच.

दुसऱ्या प्रतीतून उसनी आणलेली प्लेटही अशीच पकडता येते. कडा किंचित आखूड असतात, पानाच्या वरच्या कडेचा सोनेरी मुलामा जुळत नाही, किंवा शेजारच्या सगळ्या पानांवर डाग आहेत आणि हीच एकटी स्वच्छ धुतल्यासारखी दिसते.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याला ‘पुस्तक पूर्ण आहे का’ असं विचारू नका. तो हो म्हणणारच. ‘यादीतल्या किती प्लेटा आहेत, कुठल्या नाहीत, फोटो पाठवा’ असं विचारा. लिलावाच्या यादीत पुढे डब्ल्यू. ए. एफ. ही अक्षरं दिसली तर सावध व्हा. आहे तसं, सगळ्या दोषांसकट, असा त्याचा अर्थ, आणि अशी वस्तू परत घेतली जात नाही. लिलावघराचं कमिशनही विसरू नका, बोलीवर २० ते ३० टक्के सहज चढतात.

रंगाची फसवणूक

दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग खिशात ठेवा. हा या छंदातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खर्च. भिंगातून बारीक ठिपक्यांची नीटस जाळी दिसली तर ते चित्र फोटोवरून छापलेलं आहे, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटचं किंवा त्यानंतरचं. हाताने रंगवलेल्या चित्रात रंग रेषेबाहेर थोडा सांडलेला असतो, कुठे कमी पोहोचलेला असतो. रंगीत शिळाछाप, म्हणजे दगडावरून केलेली रंगीत छपाई, आपल्याला अनोळखी नाही. मळवलीच्या रविवर्मा प्रेसमधल्या लक्ष्मी-सरस्वती त्याच तंत्राच्या. भिंगाखाली रंगाचे दाणे एकमेकांवर पडलेले दिसतात.

हा फरक कुठे कामाला येतो? जॉर्ज वॉकरचं ‘कॉस्ट्यूम ऑफ यॉर्कशर’ १८१४ चं, हाताने रंगवलेल्या चाळीस प्लेटांचं. त्यात एका कोळसा खाणकामगाराच्या मागे वाफेचं इंजिन चाललेलं दिसतं. वाफेच्या रेल्वे इंजिनाच्या अगदी पहिल्या छापील चित्रांपैकी ते एक, त्यामुळे रेल्वेवेडेही या पुस्तकामागे असतात. १८८५ मध्ये लीड्समध्ये याची नवी आवृत्ती निघाली, तीच चित्रं, पण रंगीत शिळाछापात. सुटी प्लेट कुणी ‘१८१४’ म्हणून विकत असेल तर भिंग काढा.

मूळची काळी-पांढरी चित्रं नंतर रंगवून किंमत वाढवण्याचा उद्योगही चालतो. न्यूकॅसलच्या टॉमस ब्यूइकने बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या आडव्या कापावर कोरलेले पक्षी, १७९७ आणि १८०४ च्या दोन खंडांतले, काळ्या शाईतच खुलतात. त्यातला एखादा रॉबिन गुलालासारखा लाल दिसला तर ती करामत बहुधा कुणा नंतरच्या मालकाची. रंग डागाच्या वर बसलाय का तेही बघा. डाग आधीचा आणि रंग नंतरचा असेल तर निकाल लागला. ब्यूइकबद्दल एक सांगायचं तर पक्ष्यांपेक्षा प्रकरणांच्या शेवटची त्याची चिमुकली चित्रं जास्त वेळ बघावीत. पावसात भिजणारे प्रवासी, गावातले वात्रट प्रकार, सगळं अंगठ्याएवढ्या जागेत.

पानांच्या कडांवर रंगवलेली, पुस्तक पंख्यासारखं वाकवल्यावर दिसणारी चित्रं जपूनच घ्यावीत. पुस्तक खरं जुनं असतं, चित्र बरेचदा काल-परवाचं.

चामड्याचा मोह

सोनेरी नक्षीचं नवं चामडी बांधणीचं पुस्तक कपाटात फार रुबाबदार दिसतं. पण नव्याने बांधताना मूळ कापडी पुठ्ठा जातो, मासिक हप्त्यांत निघालेल्या पुस्तकांची रंगीत वेष्टनं आणि जाहिराती जातात, कडा छाटल्या जातात. निमरॉडच्या ‘लाइफ ऑफ अ स्पोर्ट्समन’ची १८४२ ची पहिली खेप निळ्या कापडातली, नंतरची लाल कापडातली. कुणी ती निळी काढून बकऱ्याचं मोरोक्को चामडं चढवलं, की खेप ओळखण्याची ती खूण गेली.

कापडाबद्दल एक गोष्ट गंभीरपणे घ्या. १८४० ते १८६० च्या दशकांतल्या भडक हिरव्या कापडी बांधणीत आर्सेनिकचं रंगद्रव्य असू शकतं. अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयाने २०१९ पासून अशी पुस्तकं शोधून काढली आहेत. घाबरून फेकू नका, पण हातमोजे घाला, पारदर्शक पाकिटात वेगळं ठेवा, मुलांच्या हाती देऊ नका, जेवणाच्या टेबलावर तर नकोच.

पुस्तक घरी आल्यावर

मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यातली हवा या कागदाची वैरी. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवण्याची आपली सवय इथे उलटते, कारण आतली ओल आतच राहते. डांबराच्या गोळ्यांनी बुरशीचं काही वाकडं होत नाही. पोथीसारखं लाल कापडात गुंडाळण्याचा सल्लाही मिळेल, पण पक्का नसलेला रंग ओलीत उतरतो. बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट, मागे चार बोटं मोकळी जागा आणि बंद खोलीत ओल शोषणारं यंत्र, एवढं केलं तरी बरंच निभावतं.

कुबट वास येत असेल तर उन्हात टाकू नका, रंग उडतात. पंख्याच्या हलक्या वाऱ्यात सावलीत उघडं ठेवा. प्लेट सुटली असेल तर चिकटपट्टी कधीही लावू नका. तिचा डाग कायमचा. बटर पेपर नव्हे, आम्लरहित कागदात ठेवून संवर्धकाकडे न्या. कोरड्या चामड्याला तेल चोळण्याचा जुना सल्लाही आता कुणी देत नाही, चामडं काळं पडतं आणि धूळ धरतं.

आपल्या जुन्या बाजारातही हा माल येतो. लष्करी मेस आणि जिमखान्यांचे शिक्के असलेल्या प्रती मिळतात. शिक्का मजकुराच्या पानावर असेल तर सोसावं, प्लेटवर असेल तर भाव निम्म्याने पाडून मागावा. विल्यमसन आणि हॉविट यांचं भारतातल्या शिकारीवरचं १८०७ चं चाळीस प्लेटांचं ‘ओरिएंटल फील्ड स्पोर्ट्स’ सुट्या चित्रांच्या रूपातच जास्त दिसतं, आणि त्या सुट्या चित्रांत नव्या नकलांचा भरणा मोठा आहे.

शेवटची चूक विकताना किंवा परदेशी पाठवताना होते. शंभर वर्षं उलटलेली वस्तू १९७२ च्या कायद्याखाली पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. लंडनहून आणलेलं पुस्तक लंडनलाच परत पाठवायचं असलं तरी आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा. त्यासाठी खरेदीची पावती आणि आणतानाची कस्टम्सची कागदपत्रं पुस्तकात न खुपसता वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. पावतीच्या शाईचाही डाग प्लेटवर उतरतो.