ओळखीतून जुनी ट्रॅक्टर-ट्रॉली घेताय? आधी कागद, मग पोट, शेवटी रंग

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की खान्देशात सालदारांचे, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या गड्यांचे, करार ठरतात आणि त्याच दिवसांत जुन्या ट्रॉल्यांचे सौदेही होतात. कापूस विकून झालेला असतो, गहू-हरभरा घरात आलेला असतो. ज्याला नवी ट्रॉली घ्यायची आहे किंवा खरिपासाठी पैसा उभा करायचा आहे, तो जुनी काढायला बघतो. घेणाऱ्यालाही हाच काळ सोयीचा. ट्रॉली रिकामी असते, जमीन कोरडी असते, खाली झोपून बघता येतं. कापसाची वेचणी सुरू झाल्यावर घाईत घेतलेली ट्रॉली बहुतेक वेळा महाग पडते, कारण तेव्हा नड तुमची असते.

हा लेख डीलरकडून नव्हे, तर थेट शेतकऱ्याकडून जुनी ट्रॉली घेणाऱ्यांसाठी आहे. अशा सौद्यात गॅरंटी नसते, बिल नसतं, बहुतेक वेळा असते ती फक्त ओळख. म्हणून सगळी तपासणी आपल्यालाच करावी लागते.

आधी आपली गरज ठरवा

रावेर, यावल, चोपडा भागात केळीचे घड वाहायचे असतील तर पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा) चांगले हवेत आणि तळ सपाट हवा. धक्के बसले की घडाला मार लागतो आणि व्यापारी भाव पाडतो. पारोळा, अमळनेर, शिंदखेडा पट्ट्यात कापूस आणि चारा जास्त. माल हलका पण फुगीर असतो, तिथे वरून जाळी बसवता येईल अशा उंच फळ्यांची ट्रॉली लागते. शेणखत, मुरूम वाहायचा असेल तर हायड्रॉलिक डंपिंग असलेली बरी. या तिन्ही कामांना एकच ट्रॉली कुठेतरी कमी पडतेच, म्हणून वर्षात जे काम सगळ्यात जास्त आहे त्यावर निर्णय घ्या.

दोनचाकी की चारचाकी, हे ट्रॅक्टर बघून ठरतं. दोनचाकी ट्रॉलीच्या वजनाचा काही भाग ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. माल पुढच्या बाजूला जास्त भरला की ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या चढांवर हे फार धोक्याचं. चारचाकीत हुकावर भार कमी येतो, पण ती मागे घ्यायला अवघड आणि लहान ट्रॅक्टरला उतारावर आवरत नाही. शेजाऱ्याची ट्रॉली एक दिवस मागून आणा, आपल्या ट्रॅक्टरला लावून भरून चालवा, मग ठरवा.

कागद बघितल्याशिवाय गावाला जाऊ नका

फोनवरच पहिला प्रश्न विचारा: ट्रॉली पासिंगची, म्हणजे आरटीओत नोंदलेली, आहे का? पुष्कळांना वाटतं की ट्रॅक्टरचं पासिंग झालं म्हणजे ट्रॉलीचंही झालं. तसं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रॉली हे स्वतंत्र वाहन आहे. तिचा नंबर वेगळा, आरसी बुक वेगळं, चेसी नंबर वेगळा. गावोगावच्या वर्कशॉपमध्ये बनलेल्या, कधीच पासिंग न झालेल्या ट्रॉल्या स्वस्त मिळतात हे खरं. पण उद्या रस्त्यावर कुणाला लागलं तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई ट्रॅक्टरमालकाच्या जमिनीवर येते. माझं मत स्पष्ट आहे: बिनपासिंगची ट्रॉली घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

आरसीचा फोटो मागवा आणि ट्रॉलीचा नंबर एमपरिवाहन ॲपवर टाका. मालकाचं नाव, विमा, कर्जाचा बोजा, दंडाच्या पावत्या जे काही नोंदलेलं असेल ते ताडून बघा. यात खालच्या गोष्टी पुन्हा पुन्हा अडचणीच्या ठरतात.

नाव वडिलांचं आणि वडील वारलेले. हे आपल्याकडे सर्रास. विकणारा मुलगा खरा असला, तरी त्याच्या नावावर ट्रॉली नाही तोवर त्याची सही चालत नाही. आधी वारसाच्या नावावर होऊ द्या (त्यासाठी फॉर्म ३१ असतो), मग सौदा करा. भाऊ-बहिणी असतील तर त्यांची संमती लेखी घ्या.

आरसीवर बँकेचा बोजा. कर्ज फिटलंय असं तोंडी सांगतील. बँकेचा नाहरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात येईपर्यंत पैसे देऊ नका.

ट्रॉली बाहेरच्या राज्यातली. जळगावचा नंबर एमएच-१९, धुळ्याचा एमएच-१८, नंदुरबारचा एमएच-३९. रावेर-मुक्ताईनगरकडे बुऱ्हाणपूरची, शहादा-नवापूरकडे गुजरातची ट्रॉली सहज विकायला येते. तिला मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. ती काढून देणं विकणाऱ्याचं काम आहे, हे सौद्यातच ठरवा.

अनुदान. ट्रॉली सरकारी योजनेतून घेतलेली असेल तर लाभार्थ्याने लिहून दिलेलं हमीपत्र मागा आणि ठरावीक काळ विकू नये अशी अट त्यात आहे का ते वाचा.

आणि वाळू. गिरणा, तापी, पांझरा या नद्यांच्या काठची ट्रॉली असेल तर हा प्रश्न तोंडावर विचारा. विनापरवाना गौण खनिज वाहताना पकडलेलं वाहन महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ४८ खाली जप्त होतं आणि दंड भरल्याशिवाय सुटत नाही. त्या ट्रॉलीवर असं प्रकरण आहे का, हे तहसील कार्यालयात विचारून घ्या. तसंही वाळूची ट्रॉली नजरेला कळते: तळाचा पत्रा वाटीसारखा खाली बसलेला, आतून घासून चकचकीत, पाट्यात मागाहून घातलेलं जादा पान.

आता ट्रॉलीखाली जा

सोबत काय न्यायचं: गोणपाट, बॅटरी, पाना, पेचकस, सुतळीचा गुंडा, टेप, जॅक, पेन्सिल आणि पातळ कागद. सकाळी जा. संध्याकाळच्या उजेडात वेल्डिंगची चीर दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी धरणगाव तालुक्यात आम्ही एक ट्रॉली बघायला गेलो होतो. लाल रंग इतका ताजा की बोट लावलं तर चिकटत होतं, फळ्यांवर नक्षी, मागे नवी झुल. मी जवळजवळ हो म्हणून बसलो होतो. सोबत आलेल्या आबांनी रंगाकडे पाहिलंही नाही. गोणपाट अंथरलं, पाठीवर झोपून खाली सरकले आणि पान्याने चेसीचं लोखंडी चॅनेल ठोकत पुढून मागे गेले. टण्, टण्, टण्, आणि मागच्या धुऱ्याच्या वर एकदम थप्. तिथे पेचकस टोचला तर रंगाखालून लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) निघाली आणि तिच्याखालून गंजाचा भुगा, पिठासारखा. चॅनेल अर्ध्याहून जास्त खाल्लेलं होतं. विकणारे दादा म्हणत राहिले, “आबा, बठ्ठं चांगलं शे.” आबा उठले, कपडे झटकले, पाणी मागितलं, आणि आम्ही परत आलो.

तर ठोकून बघा. शेणखत आणि रासायनिक खतं वाहिलेल्या ट्रॉलीत गंज आतून धरतो. तळाचा पत्रा जिथे फळ्यांना मिळतो ते कोपरे आणि पत्र्याखालचे आडवे पट्टे सगळ्यात आधी जातात. तळाचा पत्रा बदलता येतो, त्याला घाबरू नका. चेसीचं लांब चॅनेल गेलं असेल तर मात्र तिथेच थांबा.

चेसी सरळ आहे का हे सुतळी सांगते. एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणून गाठ मारा, मग तीच सुतळी दुसऱ्या तिरक्या जोडीला लावा. गाठ बोटभर पुढे-मागे झाली तर ट्रॉली कधीतरी उलटलेली किंवा ठोकलेली आहे. दोनचाकीत हुकाच्या कडीपासून डाव्या आणि उजव्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतरही असंच मोजा. फरक असेल तर ट्रॉली तिरकी चालणार आणि टायर खाणार.

दांडी (ट्रॉली ओढायचा पुढचा भाग) आणि तिच्या टोकाची कडी. इथे वेळ काढा. ट्रॅक्टरच्या पिनेत बसणारी कडी घासून घासून लांबट होते, आणि जिथे घासते तिथे पातळ होते. घासलेल्या जागेची जाडी टेपने मोजून न घासलेल्या जागेच्या जाडीशी ताडून बघा. कडीच्या मुळाशी आणि दांडीच्या दोन्ही पायांशी वेल्डिंगवर केसासारखी चीर शोधा, ग्रीस पुसून. आमच्या पहिल्या ट्रॉलीची कडी शेताच्या बांधावर तुटली. मागे भरलेले केळीचे घड होते आणि ट्रॉलीच्या शेजारून मजुराचा मुलगा चालत होता. वेग नव्हता, ट्रॉली दांडीवर रुतली, पोराला काही झालं नाही. तेव्हापासून मी कुठल्याही ट्रॉलीची कडी आधी बघतो. पुन्हा वेल्ड केलेली कडी दिसली तर ती बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा आणि बदलल्याशिवाय माल भरू नका.

चाकं. जॅक लावून एकेक चाक उचला, वर आणि खाली धरून हलवा. खडखड केली तर बेअरिंग गेलंय किंवा सैल आहे. मोकळं फिरवा, करकर ऐका. टायरवर चार आकडे चौकटीत असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. खोबणी खोल दिसली तरी उन्हात उभ्या ट्रॉलीचे टायर बाजूने तडकतात, आणि आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन तर माहीतच आहे. टायर बदलायचे झाले तर खर्च मोठा, म्हणून हा हिशेब किमतीत धराच.

डंपिंग असेल तर होज आपल्या ट्रॅक्टरला जोडा. रिकामी नव्हे, काहीतरी भरून उचला आणि तशीच १० मिनिटं ठेवा. हळूहळू खाली बसली तर जॅकचं सील किंवा व्हॉल्व्ह गेलाय. जॅकच्या दांड्यावर उभे ओरखडे असतील तर नवं सीलही टिकत नाही. उचललेल्या ट्रॉलीखाली लाकडी ठेपा किंवा लोखंडी टेकू लावल्याशिवाय डोकंसुद्धा घालू नका, विकणारा रोज घालत असला तरी. आणि उचलण्याआधी वर विजेची तार नाही ना, ते बघा.

शेवटी दोन-तीन किलोमीटर ओढा. तुम्ही मोटारसायकलवर मागे राहा. चाक लटपटतं का, ट्रॉली एका अंगाला जाते का ते मागूनच दिसतं. थांबल्यावर हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) हात ठेवा. एक हब बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर ते बेअरिंग उघडावं लागणार.

जाताना चेसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा. उमटलेला छाप आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. हाच छाप आरटीओतही लागतो.

किंमत

रिकामी ट्रॉली जवळच्या वजनकाट्यावर घ्या. आरसीवर रिकामं वजन लिहिलेलं असतं. काट्यावर ते फार कमी भरलं तर लोखंड गंजात गेलंय किंवा पातळ पत्रा घातलाय. त्याच वजनाला त्या दिवसाच्या भंगाराच्या भावाने गुणा. ही झाली ट्रॉलीची तळाची किंमत, याखाली कुणी विकणार नाही. दुसरीकडे नव्या ट्रॉलीचा भाव वर्कशॉपमध्ये विचारून ठेवा. या दोन आकड्यांच्या मध्ये, टायर-बेअरिंग-कडीचा खर्च वजा करून, तुमचा आकडा बसवा. ओटीवर चहा पिताना भाव ठरवू नका, एक रात्र जाऊ द्या.

सौदा पटला की इसार थोडाच द्या आणि पावती घ्या. सौदापत्र स्टॅम्पवर करा. त्यात ट्रॉलीचा नंबर, चेसी नंबर, रक्कम, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. वेळ लिहायची ती यासाठी की ताब्याआधीचा अपघात किंवा दंड तुमच्या माथी येऊ नये. बाकी पैसे बँकेतून द्या. २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि बँकेची नोंद पुढे तुमच्याच कामी येते.

त्याच बैठकीत फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घ्या. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. “नंतर करू, कुठे जातोय मी” यावर विसंबू नका. माणूस मुलाकडे पुण्याला जातो, आजारी पडतो, आणि एका सहीसाठी वर्ष निघून जातं. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाका आणि ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉलीचा वेगळा हप्ता भरलाय का ते पॉलिसीवर वाचून बघा.

घरी आणल्यावर

सगळे हब उघडून जुनं ग्रीस काढा, धुऊन नवं भरा. चाकांचे नट पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. दांडीला सुरक्षा साखळी लावा, म्हणजे कडी तुटली तरी ट्रॉली सुटत नाही. लाल रिफ्लेक्टर आणि चमकणारी पट्टी मागे तर लावाच, बाजूंनाही लावा, आणि पाठीमागची पट्टी शक्य तितकी खाली. चारा किंवा कापूस भरला की वरचे रिफ्लेक्टर झाकले जातात, आणि धुळे-जळगाव महामार्गावर रात्री मागून येणाऱ्या ट्रकला फक्त अंधार दिसतो. मागचा दिवा ट्रॅक्टरच्या वायरिंगला जोडून, कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबून पेटतो का ते बघा. हे सगळं पहिला माल भरायच्या आधी उरका.