पर्यावरणविज्ञान आणि धोरण: आंतरराष्ट्रीय मास्टर्स करताना या चुका टाळा

पहिल्या सत्रातला माझा पॉलिसी मेमो तपासून परत आला, तेव्हा शेवटच्या पानावर तीनच शब्द होते: 'हे कोणी करायचं?' विषय होता भूजलात झिरपणारं नायट्रेट. सहा पानं आकडेमोड, दोन देखणे आलेख आणि शेवटी एक वाक्य: 'संबंधित यंत्रणांनी तातडीने ठोस पावले उचलावीत.' मी मूळचा प्रयोगशाळेतला माणूस. आकडे बरोबर आले की काम झालं, अशी माझी समजूत. गुण जेमतेम मिळाले आणि महिनाभर मी मनातल्या मनात धुमसत होतो.

या अभ्यासक्रमाला दोन वाटांनी मुलं येतात. काही विज्ञान-अभियांत्रिकीकडून, काही कायदा, अर्थशास्त्र, राज्यशास्त्राकडून. चुका वेगवेगळ्या दिसतात, पण मुळाशी एकच गोष्ट असते: आपल्याला येतं तेच खरं अवघड, दुसऱ्याचा विषय काय, वाचून होईल. तो वाचून होत नाही.

'सरकारने करावं' म्हणून हात झटकणं

विज्ञानाकडून आलेल्यांची ही हमखास चूक. सरकार नावाचं एकच दार कुठंच नसतं. नायट्रेटचंच बघा. युरोपीय संघाचं १९९१ चं डिरेक्टिव्ह (संघाच्या कायद्याचा एक प्रकार) सदस्य देशांना सांगतं की प्रदूषणाचा धोका असलेली क्षेत्रं ठरवा आणि तिथं कृती कार्यक्रम राबवा. जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला जास्तीत जास्त १७० किलो नत्र, ही मर्यादा तिथून येते. पण डिरेक्टिव्ह हे देशांनी गाठायचं उद्दिष्ट असतं. ते प्रत्येक देशाला स्वतःच्या कायद्यात उतरवावं लागतं. रेग्युलेशन हा दुसरा प्रकार मात्र सगळीकडे थेट लागू होतो. मेमोत या दोन शब्दांची अदलाबदल झाली की वाचणाऱ्याला लगेच कळतं, हा गडी कायद्याच्या तासाला मागच्या बाकावर होता.

दुसऱ्या खेपेला मी मेमो चार प्रश्नांवर बेतला: कोण करणार, कोणत्या कलमाच्या आधारानं, पैसे कोणाचे आणि तपासणार कोण. शेवटच्या प्रश्नाशी गंमत झाली. खत आज कमी केलं तरी जमिनीतलं नायट्रेट विहिरीपर्यंत पोचायला काही वर्षं, कुठं कुठं दशकं लागतात. म्हणजे तीन वर्षांनी विहिरीचं पाणी तपासून 'योजना फसली' म्हणणं साफ चूक. तपासणी आधी मुळांच्या थराखालच्या पाण्याची हवी. ही माहिती माझ्या पहिल्या मेमोत होती की! तिसऱ्या पानावर, तळटीपेत. धोरणाला जे सगळ्यात जास्त लागणार होतं, तेच मी किरकोळ समजून खाली ढकललं होतं.

एकक न बघता तुलना

ही दुसऱ्या वाटेनं आलेल्यांची चूक, आणि कबूल करायला हवं, आमचीही. आमच्या गटातल्या कायदा शिकून आलेल्या मैत्रिणीनं एकदा तक्ता दाखवला: जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम, अमेरिकेची १०. तिचा निष्कर्ष, अमेरिकेचा नियम पाचपट कडक. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण ५० हा आकडा आख्ख्या नायट्रेट आयनचा आहे आणि १० हा फक्त त्यातल्या नायट्रोजनचा. नायट्रेटचं वजन ६२, त्यातल्या नायट्रोजनचं १४. १० ला ६२/१४ नं गुणा, ४४ च्या आसपास उत्तर येतं. पाचपट कडक असलेला नियम पाच मिनिटांत जवळपास सारखाच निघाला, आणि त्यावर उभं केलेलं आख्खं प्रकरण फाडावं लागलं.

हाच सापळा हवामानाच्या आकड्यांत पावलोपावली आहे. 'कार्बन' आणि 'कार्बन डायऑक्साइड' यांत ४४/१२, म्हणजे ३.६७ पटींचा फरक. जुन्या शोधनिबंधात टन कार्बनचे असतात, सरकारी अहवालात बहुधा डायऑक्साइडचे. मिथेनचं तर विचारूच नका. आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलावरचं विज्ञान तपासून मांडणारी संयुक्त राष्ट्रांची समिती. तिच्या सहाव्या अहवालात जीवाश्म इंधनातल्या मिथेनची कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत तापमानवाढीची क्षमता १०० वर्षांच्या हिशेबानं २९.८ आणि २० वर्षांच्या हिशेबानं ८२.५ आहे. दोन्ही बरोबर. पण पॅरिस कराराखाली (२०१५ चा जागतिक हवामान करार) देश आपली आकडेवारी देतात ती पाचव्या अहवालाच्या १०० वर्षांच्या मूल्यावर, म्हणजे २८ वर. तुमची बेरीज एखाद्या देशाच्या अधिकृत आकड्याशी जुळत नसेल, तर त्या देशावर लबाडीचा आरोप करण्याआधी कोणता गुणक वापरलाय ते बघा. मी आता प्रत्येक तक्त्यात एकक, वर्ष आणि गुणक असे तीन जादा रकाने ठेवतो. दिसायला गचाळ, पण झोप शांत लागते.

नकाशांचंही तेच. गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीला प्रोजेक्शन म्हणतात. ऑनलाइन नकाशांच्या वेब मर्केटर प्रोजेक्शनमध्ये जंगलाचं क्षेत्रफळ मोजाल, तर ६० अंश अक्षांशावर ते चौपट भरेल. क्षेत्रफळ मोजायचं असेल तर क्षेत्रफळ जसंच्या तसं राखणारं समक्षेत्र प्रोजेक्शन घ्या. बस.

'लाइकली' म्हणजे 'असेल कदाचित' नव्हे

आयपीसीसीच्या अहवालात हे शब्द मोजून-मापून वापरलेले असतात. 'लाइकली' म्हणजे ६६ ते १०० टक्के संभाव्यता, 'व्हेरी लाइकली' म्हणजे ९० ते १००. 'हाय कॉन्फिडन्स' ही वेगळीच मोजपट्टी: पुरावा किती भक्कम आणि त्यावर एकमत किती. निबंधात हे शब्द आपल्या मनानं बदलू नका. 'शास्त्रज्ञांना खात्री नाही' आणि 'निर्विवाद सिद्ध झालंय' ही दोन्ही भाषांतरं एकाच वाक्याची झालेली मी पाहिली आहेत. शिवाय धोरणकर्त्यांसाठीचा सारांश सरकारांचे प्रतिनिधी ओळ न् ओळ तपासून मंजूर करतात, आतली प्रकरणं नाहीत. वैज्ञानिक मुद्दा मांडायचा तर प्रकरण उघडा, राजकीय सहमती दाखवायची तर सारांश.

ओझोनची गोष्ट उलटी सांगणं

'आधी शास्त्रज्ञांनी भोक शोधलं, मग जग जागं झालं आणि करार झाला.' हे वाक्य मी दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या प्रेझेंटेशनमध्ये ऐकतो. तारखा लावून बघा. फ्रिज आणि स्प्रेमध्ये वापरल्या जाणाऱ्या सीएफसी या रसायनांमुळे ओझोनला धोका आहे हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलं. अमेरिकेनं स्प्रेच्या डब्यांतल्या सीएफसीवर बंदीचे नियम १९७८ मध्ये केले. ओझोनच्या रक्षणाचा व्हिएन्ना करार मार्च १९८५ चा, आणि अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या घटीचा तो गाजलेला शोधनिबंध मे १९८५ मधला. म्हणजे चौकट आधी ठरली, भोक नंतर जगासमोर आलं. सीएफसी कमी करायला लावणाऱ्या १९८७ च्या मॉन्ट्रिअल प्रोटोकॉलला त्या शोधानं बळ मिळालं हे खरं, पण पर्यायी रसायनं, कंपन्यांचे हिशेब आणि व्यापारावरच्या अटी यांचाही त्यात वाटा होता. विज्ञान सिद्ध झालं की धोरण आपोआप मागून येतं, असं गृहीत धरून लिहिलेल्या थिसिसला तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न इथं पडतो.

करार बातमीसारखा वाचणं

सही म्हणजे मंजुरी नव्हे. अमेरिकेनं उत्सर्जनकपातीच्या क्योटो प्रोटोकॉलवर १९९८ मध्ये सही केली, पण मंजुरी कधीच दिली नाही. आणि क्रियापदं बघा. पॅरिसमध्ये १२ डिसेंबर २०१५ ला, अगदी शेवटच्या क्षणी, कलम ४.४ मधल्या एका 'शॅल'वरून ('करतील', म्हणजे बंधन) गाडी अडली. विकसित देशांनी संपूर्ण अर्थव्यवस्थेसाठी उत्सर्जनकपातीची उद्दिष्टं घ्यावीत, हे तिथं बंधनकारक होत होतं. मग तो शब्द 'शुड' ('करावं', म्हणजे अपेक्षा) झाला, आणि ही दुरुस्ती तांत्रिक दुरुस्त्यांच्या यादीत वाचून दाखवली गेली. कराराचं कलम वाचताना मी अजूनही आधी फक्त क्रियापदांखाली रेघा मारतो.

थिसिसचा विषय आधी, डेटा नंतर

'तीन देशांतल्या हवामान-अनुकूलन धोरणांचा तुलनात्मक अभ्यास' असा विषय जानेवारीत भारी वाटतो. एप्रिलमध्ये कळतं की एका देशाची कागदपत्रं तुम्हाला न येणाऱ्या भाषेत आहेत आणि दुसऱ्यातले अधिकारी ईमेलला उत्तर देत नाहीत. आधी डेटा हाताशी आहे का बघा, मग प्रश्न ठरवा. मुलाखती घेणार असाल तर विद्यापीठाची एथिक्स मंजुरी (संशोधनात लोकांशी नैतिकतेनं वागाल याची तपासणी) मुलाखतीच्या आधी लागते. नंतर अर्ज करून जुन्या मुलाखती बसवता येत नाहीत. माझ्या एका वर्गमित्राच्या चार उत्तम मुलाखती अशाच वाया गेल्या.

कागदपत्रांची बाजू

हे थोडक्यात. इरॅस्मस मुंडस या युरोपीय संघाच्या योजनेतल्यासारख्या, अनेक विद्यापीठांनी मिळून चालवलेल्या संयुक्त अभ्यासक्रमात किमान दोन देशांत शिकावं लागतं. एका देशाचं रेसिडन्स परमिट दाखवून शेंगेनमधल्या (आपसातल्या सीमांवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटातल्या) दुसऱ्या देशात कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, पण सत्र त्याहून लांब असतं. त्यासाठी वेगळी परवानगी किंवा पूर्वसूचना लागते का, हे पुढच्या विद्यापीठाला आदलं सत्र सुरू होतानाच विचारा. आणि क्रेडिट हलक्यात घेऊ नका: एक ईसीटीएस (युरोपातलं क्रेडिटचं एकक) म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, सत्राला ३० क्रेडिट, म्हणजे ७५० ते ९०० तास. परमिटच्या रांगेत घालवलेले दिवस यात धरलेले नाहीत.