बदकाची पिल्लं घरी वाढवताना आधी पाण्याचा बंदोबस्त करा

पहिल्या तीन आठवड्यांत घरगुती पिल्लं दगावतात ती बहुतेक ओलाव्याने आणि गारठ्याने. बदक पाण्यातला पक्षी असला तरी हॅचरीतून आणलेल्या पिल्लाच्या अंगावर आईच्या पिसांचं तेल नसतं. ते भिजलं की लव अंगाला चिकटते आणि तासाभरात थरथरायला लागतं. म्हणून पिण्यासाठी पाणी भरपूर ठेवा, पण अंग भिजू देऊ नका.

जात आधी ठरवा. अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल: नीट सांभाळली तर वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते. मांसासाठी पांढरी पेकिन: सात-आठ आठवड्यांत अडीच किलोच्या पुढे जाते. दोन्ही कामांसाठी एकच जात घेतली की दोन्हीकडे कमी पडतं. सोसायटीला लागून जागा असेल तर आवाजाचाही विचार करा. या दोन्ही जातींच्या माद्या मोठ्याने ओरडतात, मस्कोव्ही ही जात त्या मानाने शांत. शहरात पाळायचं असेल तर परवानगीबाबत महापालिकेत आधी विचारा.

दहा पिल्लांना सुरुवातीला दहा चौरस फूट जागा पुरते. खाली भाताचं तूस दोन-तीन इंच घाला. मावळ, मुळशी, भोर भागातल्या भातगिरण्यांत ते सहज मिळतं. नुसता वर्तमानपत्राचा कागद घालू नका, त्यावर पाय घसरून मांड्या फाकतात. बारीक लाकडी भुसाही नको, पिल्लं तो खातात. ऊब पहिल्या आठवड्यात ३२ अंशांच्या आसपास हवी, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. बल्ब जुन्या पद्धतीचा, तारेचा, ६० किंवा १०० वॅटचा घ्या. एलईडीने उजेड पडेल, ऊब मिळणार नाही. बल्ब एका कोपऱ्यावर टांगा, म्हणजे गरम झाल्यास पिल्लांना लांब सरकता येतं. तापमापकापेक्षा पिल्लांकडे बघा. दाटीवाटीने बल्बखाली जमली तर थंडी आहे, कडेला जाऊन धापा टाकत असतील तर उकडतंय. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. तेव्हा तीन बाजू बारदानाने झाका, वर हवा खेळती ठेवा.

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीच्या नावाखाली वीज आणि पाणी दोन्ही जाऊ शकतं. आदल्या रात्री पिंप भरून ठेवा आणि गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून द्यायची तयारी ठेवा.

पाण्याचं भांडं इतकं खोल हवं की चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल. पण तोंड अरुंद हवं, पिल्लू आत बसता कामा नये. नाकपुड्या धुतल्या गेल्या नाहीत तर खाद्य अडकून बसतं आणि डोळे चिकटतात. सांडवणूक मात्र प्रचंड असते. त्यावर सोपा उपाय: घमेल्यावर बारीक जाळी ताणून बसवा आणि भांडं त्या जाळीवर ठेवा. सांडलेलं पाणी घमेल्यात जातं, तूस कोरडं राहतं. तरी ओलं झालेलं तूस रोज काढाच. पाणी नसताना खाद्य ठेवू नका, कोरडा मॅश (भरडलेलं खाद्य) घशात अडकतो. थोडा ओलसर करून द्यावा, पण दोन-तीन तासांत संपेल एवढाच.

बदकाचं वेगळं खाद्य सहसा मिळत नाही, कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर, म्हणजे सुरुवातीचं खाद्य, चालतं. त्यात २० ते २२ टक्के प्रथिनं असावीत, औषध घातलेलं शक्यतो टाळा. मात्र बदकाला नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व कोंबडीपेक्षा जास्त लागतं. ते कमी पडलं की पायाचा सांधा सुजतो, पाय वाकतात, पिल्लू बसून राहतं. किलोभर खाद्यात ५० ते ७५ ग्रॅम ब्रूअर्स यीस्ट (नायसिन असलेली यीस्टची पूड) मिसळलं की हा त्रास टळतो. तीन आठवड्यांनंतर अंड्यांच्या जातीला प्रथिनं १६ ते १८ टक्क्यांवर आणा. वाढ फार वेगाने झाली तर पंखाचं टोक बाहेर वळतं. लेअर खाद्य, म्हणजे अंडी देणाऱ्या पक्ष्यांचं खाद्य, अंडी सुरू होण्याआधी देऊ नका, त्यातल्या जादा कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात. बारीक चिरलेला लसूणघास किंवा कोथिंबिरीच्या काड्या आवडीने खातात, सोबत थोडी वाळू ठेवा.

सगळ्यात मोठा धोका बुरशीचा. मका आणि शेंगदाणा पेंडीत वाढणाऱ्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष बदकाला कोंबडीपेक्षा कितीतरी लवकर मारतं. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच खाद्य आणा, पोतं फळीवर ठेवा. कुबट वास आला तर ते फेका, उन्हात वाळवून वापरू नका.

पिल्लू पाय धरून उचलू नका, पाय निखळतो. पोटाखाली हात द्या. पोहायला सहाव्या आठवड्यानंतर, पिसं भरली की सोडा. पुण्याजवळच्या कवडीपाटसारख्या ठिकाणी मुळा-मुठेवर रानबदकं उतरतात. तिथे किंवा कुठल्याही उघड्या पाणवठ्यावर पाळीव बदकं नेऊ नका, बर्ड फ्लू तिथूनच येऊ शकतो. डक प्लेग या बदकांच्या साथीच्या रोगाची लस साधारण आठ ते बारा आठवड्यांत द्यायची असते, वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या. दिवसा मुंगूस आणि रात्री घुशी येतात, म्हणून जाळी अर्ध्या इंचाची हवी आणि फूटभर जमिनीत पुरलेली.

सात-आठ आठवड्यांनी आवाजावरून नर-मादी कळतात: मादी खणखणीत ओरडते, नराचा आवाज घोगरा. पेकिन सातव्या आठवड्यात कापावी. पुढे नवी बारीक पिसं फुटतात आणि सोलताना हाताला दमवतात. खाकी कॅम्पबेल पाचव्या महिन्याच्या सुमाराला अंडी सुरू करते. नुसती अंडी खायची तर नर लागत नाही, उबवायची असतील तर सहा माद्यांमागे एक पुरे. मादी पहाटे अंडं घालते, म्हणून सकाळी नऊपर्यंत आतच ठेवा. नाहीतर अंडी अंगणभर शोधावी लागतात.